डाग आणि गळती : गीता, अध्याय १६, श्लोक १ ते ३



आजपासून सोळावा अध्याय. पहिल्या तीन श्लोकांत दैवी संपत्तीचे गुण येतात, मोजले तर २६. यादी दिसली की आमच्या धंद्यातल्या माणसाचा हात आधी डुप्लिकेट शोधायला जातो. मला एक सापडल्यासारखं वाटलं. दुसऱ्या नंबरावर ‘सत्त्वसंशुद्धी’ आहे आणि पार शेवटाकडे, तिसऱ्या श्लोकात, ‘शौच’ आहे. ढोबळ मराठीत दोन्हींचा अर्थ स्वच्छता. मग दोनदा कशाला?

सोपं उत्तर असं की एक आतली, एक बाहेरची. पण शंकराचार्यांचं भाष्य उघडलं तर ते शौचातच बाहेरची आणि आतली, दोन्ही घालतात. आणि सत्त्वसंशुद्धीचा अर्थ सांगताना ते चक्क व्यवहारात उतरतात. लोकांशी देवघेव करताना फसवणूक, कपट, खोटेपणा टाळायचा आणि शुद्ध भावाने वागायचं, ही त्यांच्या लेखी अंतःकरणाची शुद्धी. डोळे मिटून बसल्यावर मन किती निवांत होतं, हे त्यात कुठेच नाही!

हे वाचून मी अडकलो. कारण गेले तीन महिने दर शनिवारी मी एका जुन्या शिडाच्या बोटीतलं लाकूड साफ करतोय, आणि तिथे नेमका हाच प्रश्न लाकडावर उमटलेला दिसला. डाग पुसणं म्हणजे शुद्धी का? आणि कधीकधी डाग पुसणं हीच फसवणूक असते का? आज जरा लांबच्या वाटेने श्लोकाकडे येणार आहे, सांभाळून घ्या.

मी सिअ‍ॅटलला राहतो हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. आमच्या टीममध्ये साठी ओलांडलेले एक सहकारी आहेत. ऑफिसात सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. त्यांची १९७९ सालची ३० फुटी बोट बॅलर्ड भागात एका मरीनामध्ये उभी असते. बाहेरून फायबरग्लास, आतून सागवान. गुडघे साथ देईनात म्हणून ते बोट विकायला काढतायत, आणि त्याआधी आतलं लाकूड नीट करायला त्यांना आणखी दोन हात हवे होते. इथल्या हिवाळ्यात ऊन म्हणजे पाहुणा. मला शनिवारी स्क्रीनपासून लांब राहायचं होतं. जमलं.

‘आतून सागवान’ हे तसं थोडं फसवं बोलणं आहे. दांडे, कडा, पायऱ्या, हाताला धरायच्या पट्ट्या भरीव सागाच्या. बाकी भिंती आणि कपाटं म्हणजे प्लायवुड, आणि त्याच्यावर सागाचं व्हिनियर, एक मिलिमीटरसुद्धा जाड नाही. मला मात्र पहिल्या दिवशी तो साग बघून घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. (इंग्रजीतला ‘टीक’ हा शब्दच मुळी मल्याळममधल्या ‘तेक्कु’वरून पोर्तुगीजांच्या हातून गेलेला. आणि मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली बांधलेलं एचएमएस ट्रिंकोमली हे सागवानी जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. कॅप्टनना हे सांगितलं तर म्हणाले, मग तुझा या बोटीवर माझ्यापेक्षा जास्त हक्क आहे, घे तो ब्रश.)

आत शिरल्यावर पहिला येतो तो वास. कुबट, डिझेलमिश्रित. लाकूड काळपट, हाताला चिकट. मला वाटलं, हे सगळं खरवडूनच काढावं लागणार. मशीन आणू का, असं विचारलं. कॅप्टन म्हणाले, “आधी धू. बऱ्याचदा लाकूड खराब नसतं, नुसतं मळलेलं असतं.”

म्हणून पहिले दोन शनिवार आम्ही फक्त धुतलं. आधी व्हॅक्यूमने कोपऱ्यातली धूळ ओढून घ्यायची. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब, फडकं घट्ट पिळून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसायचं. मग साध्या पाण्याचं फडकं. मग कोरडं. जिथे बुरशी, तिथे पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून लावायचं, थोडा वेळ तसंच ठेवायचं, मग पुसायचं. ब्लीच वापरायचं नाही. ब्लीचने डाग पांढरा होतो, बुरशी लाकडाच्या छिद्रांत आत तशीच राहते, आणि वर लाकडाचा रंगही उडतो.

निम्मं काम तिथेच झालं. जे मला जळकं लाकूड वाटत होतं, ते खाली मधाच्या रंगाचं निघालं.

तरी चिकटपणा राहिला. तो कशाचा, हे कळल्यावर मला हसू आलं. आधीच्या कुणा मालकाने बोटीची भक्तिभावाने सेवा केली होती. दरवर्षी सागाला तेल पाजलं होतं. पण आधी न धुता. धुळीवर तेल, तेलावर धूळ, परत तेल. अशा तेलावर बुरशी छान पोसते. म्हणजे सेवा खरी, प्रेमही खरं, आणि अंधार त्याच सेवेतून आलेला. आपल्यापैकी किती जण नवीन व्रत, नवीन अ‍ॅप, नवीन जपमाळ असं एकावर एक चढवत असतो ते बघा. मी कुणाकडे बोट दाखवत नाहीये. लाकडाबद्दल बोलतोय.

ते तेल टर्पेंटाइनने सुटतं. लावायचं, थांबायचं, हलकेच घासून पुसायचं. घासायला कॅप्टननी पितळी तारेचा बोळा दिला. बाजारात सगळीकडे मिळतो तो पोलादी तारेचा बोळा बोटीवर आणायचाच नाही, हा इथला कडक नियम. त्याचे बारीक तुकडे लाकडाच्या रेषांत अडकून बसतात, बोटीच्या दमट हवेत गंजतात, आणि महिन्याभराने तुम्ही ‘स्वच्छ’ केलेल्या फळीवर काळे ठिपके उठतात. म्हणजे साफ करणाऱ्या हत्यारानेच दिलेले डाग! रागावून स्वतःला सुधारू बघणाऱ्यांनी याच्यावर एक मिनिट थांबावं.

सगळ्यात जपायचं ते पॉलिश पेपरला. भरीव लाकूड असेल तर कितीही घासा. व्हिनियरवर मशीन फिरवलं तर अर्ध्या मिनिटात साग संपतो आणि खालचा प्लायवुडचा फिका थर डोळे वटारून बघतो. तो परत भरता येत नाही. त्यामुळे आधी फडकं, मग द्रावण, मग पातं, आणि अगदी शेवटी हाताने पेपर, तोही बारीक. जे परत जागेवर आणता येत नाही ते सगळ्यात शेवटी करायचं, हा क्रम मला कुठल्याही डिझाईन रिव्ह्यूमध्ये इतका स्वच्छ ऐकायला मिळाला नव्हता.

आणि एक सूचना, कुणी घरी करणार असेल तर. जवसाच्या किंवा तशा तेलात बुडालेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं, बोळ्याच्या आत ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. उघड्यावर सुटी पसरून वाळवायची, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवायची. हा अध्यात्माचा मुद्दा नाही, आगीचा आहे.

आता डागाकडे येतो.

बोटीच्या पोटात, डोलकाठीच्या जवळ, एक आडवी भिंत असते. तिला बल्कहेड म्हणतात. कॅप्टनच्या बोटीत ही भिंत प्लायवुडची, वर सागाचं व्हिनियर, आणि बसायच्या जागेवरून सगळ्यात आधी नजर जाते ती तिच्यावरच. तिच्या दोन्ही टोकांना, छताला लागून, काळे ओघळ होते. डावीकडचा वीतभर, उजवीकडचा त्याहून लांब. धुऊन गेले नाहीत. व्हिनेगरने गेले नाहीत. बाकी लाकूड उजळल्यावर तर ते आणखी उठून दिसायला लागले.

असा काळा रंग बहुधा लोखंडाचा. पाण्यातून आलेलं लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांची गाठ पडली की काळं होतं. आपल्याकडे कलमकारीवाले हिरड्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापडावर लोखंडाचं पाणी फिरवून काळा रंग काढतात, तोच प्रकार. यावर औषधही आहे, ऑक्झॅलिक अ‍ॅसिड. पावडर कोमट पाण्यात विरघळवायची, हातमोजे घालून लावायची, लोखंड त्यात विरघळून निघून येतं, मग भरपूर पाण्याने पुसून घ्यायचं. विषारी असतं, वाळलेली पूड नाकात जाऊ द्यायची नाही. पण काम असं करतं की जादू वाटावी. एका दुपारचं काम.

बोट विकून देणाऱ्या दलालाने फोटो बघून तेच सुचवलं होतं. डाग काढा, चकचकीत वॉर्निश मारा, किंमत वाढेल. यात त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. घर विकतानाही लोक भिंती रंगवतातच की. मीही पावडरचा डबा हातात घेऊन तयार होतो.

कॅप्टननी डबा बाजूला ठेवला आणि मला विचारलं, “हे पाणी आलं कुठून?”

आता थोडं यंत्रशास्त्र. शिडाच्या बोटीची डोलकाठी नुसती उभी राहत नाही. तिला दोन्ही बाजूंनी पोलादी तारा धरून ठेवतात. त्या तारांचा सगळा ताण खाली ज्या धातूच्या पट्ट्यांवर येतो त्यांना चेनप्लेट म्हणतात. या बोटीत त्या पट्ट्या डेकमधल्या फटीतून आत उतरतात आणि याच बल्कहेडला बोल्टने जखडलेल्या आहेत. वरच्या फटीत सीलंट भरलेलं असतं. वर्षं जातात, सीलंट सुकून तडकतं, पाऊस पट्टीच्या कडेने आत उतरतो. आधी ओघळ दिसतो. मग प्लायवुड आतून कुजायला लागतं, म्हणजे बोल्ट ज्याला धरून आहेत तेच मऊ होतं. आणि स्टेनलेस स्टील, ज्याला आपण न गंजणारं समजतो, ते अशा ओल्या, हवा न लागणाऱ्या फटीत गुपचूप चिरत जातं. वरून चकचकीत. मग एखाद्या दिवशी जोराच्या वाऱ्यात पट्टी सुटते आणि डोलकाठी आडवी होते. त्या वेळी डेकवर कोण उभं असेल, याचा हिशोब डाग पुसणाऱ्याने कधी केलेला नसतो.

म्हणजे तो ओघळ हा घाणीचा प्रश्न नव्हता. तो निरोप होता. गळती सांगणारी बोटीकडे दुसरी जीभच नाही. आणि आम्ही एका दुपारीत तो निरोप पुसायला निघालो होतो, तोही अशा माणसाला बोट विकण्याआधी, जो आपल्या बायकापोरांना घेऊन त्या डोलकाठीखाली बसणार आहे.

आमच्या क्षेत्रात याला समांतर गोष्ट आहे, आणि ती ऐकून तुमच्यातले निम्मे लोक मान डोलावतील. रात्री दोनला अलर्ट वाजतो. सर्व्हिसला काहीतरी झालंय. दोन रस्ते असतात, कारण शोधायचं किंवा अलर्ट बंद करायचा. दुसरा रस्ता घेतला की डॅशबोर्ड हिरवागार. झोपही छान लागते.

मनाचंही असंच होतं. माझ्या ओळखीतला एक जण वडिलांशी दोन वर्षं बोलत नव्हता. मग त्याने ध्यानाचा एक कोर्स केला, मनापासून केला. आता म्हणतो, वडिलांचा अजिबात राग येत नाही, आतून एकदम स्वच्छ वाटतं. मी विचारलं, फोन केलास? नाही केला. राग गेला, वडील तिकडे कोल्हापुरात तसेच वाट बघत बसलेत. आता मला सांगा, आतली ती स्वच्छता कुठल्या जातीची? मला वाटतं शंकराचार्य अंतःकरणाची शुद्धी व्यवहारात का मोजतात, ते इथे कळतं. एकट्याने अनुभवलेली निर्मळता खरी की वॉर्निश, हे एकट्याला कळायला मार्गच नाही.

आणि मग यादीतला पहिला गुण आठवला. सत्त्वसंशुद्धीच्याही आधी एक शब्द आहे, अभय. मी तो नेहमी वाघासमोर न घाबरण्यासारखा वाचत आलो. बोटीत तो वेगळा दिसला.

कॅप्टननी स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि मुठीने भिंत ठोकत वर गेले, आपण माठ घेताना वाजवून बघतो तसं. टण, टण, टण. डाव्या ओघळापाशीही टण. उजवीकडे गेले. टण, टण, बद्द. परत ठोकलं. बद्द. त्यांनी स्क्रूड्रायव्हर सुलटा केला आणि टोक दाबलं. ते बोटाच्या पेराएवढं आत गेलं, शिळ्या केकमध्ये जावं तसं.

दोन मिनिटं आम्ही कुणीच बोललो नाही. वर डेकवर पाऊस वाजत होता. त्या एका ‘बद्द’ची किंमत त्यांना माझ्याआधी कळली होती. त्या क्षणापर्यंत ती एक जुनी पण चांगली बोट होती. टोक दाबायचं धाडस केलं नसतं तर अजूनही ती चांगलीच असती, निदान कागदावर. आपण बहुतेक वेळा डागापाशी येतो आणि तिथून परततो ते आळसाने नाही, मऊ लागलं तर काय करायचं या भीतीने. म्हणून यादीत अभय आधी आहे, असं मी आता वाचतो. हा अर्थ भाष्यात शोधू नका, तो माझा आहे, चूक असेल तर माझ्या पदरात घाला.

पुढचे पाच शनिवार दुरुस्तीत गेले, ते भराभर सांगतो. तारा सैल केल्या, दोन्ही पट्ट्या काढल्या. उजवीच्या भोकाजवळ केसासारखी चीर निघाली. दोन्ही नवीन बसवल्या. कुजलेलं प्लायवुड निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून काढलं, नवीन मरीन प्लायवुड एपॉक्सीने सांधलं. डेकची फट थोडी मोठी करून तिच्या कडा एपॉक्सीने बंद केल्या, म्हणजे पुढे कधी पाणी शिरलंच तरी डेकच्या पोटात जाणार नाही. मग नवं सीलंट. सगळं झाल्यावर कॅप्टन वरून पाण्याचा पाइप सोडून बसले आणि मी आत टॉर्च घेऊन अर्धा तास त्या कडेकडे बघत होतो. कोरडी.

आता उजवी बाजू नवी. डावीकडचं लाकूड धडधाकट, पण वीतभर काळा ओघळ तसाच. गळती थांबली आहे. मग आता तो डाग काढायचा की ठेवायचा?

इथे आमचं एकमत झालं नाही. कॅप्टन म्हणाले, राहू दे. घेणाऱ्याला दिसू दे, इथे पाणी येत होतं. लपवाछपवी नको. ऐकायला हे फार सुंदर वाटतं, आणि मी दोन दिवस तसंच मानत होतो. पण मला ते पटेना. गळती थांबल्यावरही जपून ठेवलेला डाग काय सांगतो? तो आता खरं बोलत नाही. ‘इथून पाणी येतंय’ असं सांगणारी खूण आता खोटी झालेली आहे. आणि जुने डाग मिरवण्यात एक वेगळाच अहंकार असतो, ‘बघा मी किती प्रामाणिक’. आपल्याकडे सत्संगात स्वतःच्या पापांची रसाळ वर्णनं करणारे लोक तुम्हीही ऐकले असतील.

मला खरं उत्तर मिळालं ते चौदाव्या अध्यायात. तिथे सत्त्वाची ओळख करून देताना दोन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. ते निर्मळ आहे आणि म्हणून ते प्रकाशक आहे, उजेड पाडणारं आहे. निर्मळपणा हा शेवट नाही, तो कशासाठी तरी आहे. तसं बघितलं तर काळ्या ओघळावर उद्या नवा ओघळ आला तर कुणाला दिसणार? स्वच्छ लाकडावर पाण्याचा पहिला थेंबसुद्धा दिसेल. डाग काढल्याने लाकडाची जीभ कापली जात नाही, उलट तिला परत बोलता येतं. फक्त गळती आधी थांबलेली हवी. तीच कृती, तोच डबा, तीच पावडर. आधी केली असती तर फसवणूक होती. आता केली तर शुद्धी.

कॅप्टन थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आणि घेणाऱ्याला कसं कळणार?” मी म्हटलं, “तुम्ही सांगायचं.”

इथे कुणी म्हणेल, यादीतच ‘अपैशुन’ आहे, म्हणजे दोष सांगत सुटू नये. बरोबर. पण भाष्यातली व्याख्या बघा. दुसऱ्याचं रंध्र तिसऱ्यापुढे उघडं करणं म्हणजे पैशुन. रंध्र म्हणजे भोकच की. दुसऱ्याचं. स्वतःच्या बोटीचं भोक, ज्याला त्यातून पाणी लागणार आहे त्याला सांगणं, हे पैशुन कसं होईल? ते तर आर्जव, तेही याच यादीत आहे. आपल्या धर्मशास्त्रात प्रायश्चित्ताच्या विचारात पश्चात्तापाच्या बरोबरीने ‘ख्यापन’ येतं, म्हणजे केलेलं बोलून टाकणं. मनातल्या मनात वाईट वाटून भागत नाही.

कायद्याने कॅप्टनना काही सांगायची सक्ती होती का, हा मी मुद्दाम बाजूला ठेवलेला प्रश्न आहे. जुन्या बोटी सहसा ‘आहे तशी’ या बोलीवर विकल्या जातात, आणि शहाणा ग्राहक स्वतःचा सर्व्हेयर आणतो, जो छोटा हातोडा घेऊन सगळी बोट वाजवत फिरतो. पण डागच काढून टाकला तर सर्व्हेयरला नेमकं कुठे ठोकायचं ते कसं कळावं? न बोलणं एक, आणि दुसऱ्याला दिसू नये अशी तजवीज करणं वेगळं. पहिल्यावर वाद घालता येईल. दुसऱ्यावर मला तरी येत नाही.

मग आम्ही एक फाइल केली. काळ्या ओघळाचे फोटो, उजवीकडच्या कुजक्या भागाचे फोटो, चिरलेली पट्टी, कुठे काय कापलं, काय भरलं, तारखा. जुनी चिरलेली चेनप्लेट कॅप्टननी एका पिशवीत घालून टेबलाच्या कप्प्यात ठेवली आहे. नंतर डावीकडचा ओघळ ऑक्झॅलिकने काढला. पुसताना फडक्यावर पिवळट पाणी आलं, आणि खाली साग.

वॉर्निश पारदर्शकच लावायचं ठरलं. बरेच लोक आतून सरळ पांढरा रंग मारतात, बोट मोठी आणि उजळ दिसते, सोपंही पडतं. वाईट नाही ते. पण या भिंतीला आम्हाला तिच्या रेषा दिसायला हव्या होत्या. पहिला हात खूप पातळ करून, म्हणजे तो लाकडात मुरतो. सुकल्यावर ३२० नंबरच्या पेपरने अगदी हलकं घासायचं, धूळ पुसायची, दुसरा हात. आधीचे सगळे हात चकाकी असलेल्या वॉर्निशचे आणि फक्त शेवटचा मंद चमकेचा, कारण मंद चमकेसाठी त्यात जी पूड घालतात तिचे थर साचले की लाकडावर धुकं बसल्यासारखं दिसतं. इथल्या थंडीत हीटर आणि हवा कोरडी करणारं यंत्र लावल्याशिवाय काहीच सुकत नाही, त्यामुळे शनिवारी एकच हात होतो.

बोट अजून विकली गेलेली नाही. पहिला ग्राहक तरुण मुलगा होता. फाइल शांतपणे वाचली, पिशवीतली पट्टी उलटीसुलटी करून बघितली, आभार मानले आणि परत आला नाही. दलालाने कॅप्टनना फोनवर काय ऐकवलं ते मला कळलं नाही. त्यांनी किंमत थोडी उतरवली, फाइल जागेवर तशीच आहे. येत्या रविवारी एक जोडपं बघायला येतंय, त्यांना दोन लहान मुलं आहेत म्हणे. शनिवारी मला शेवटचा हात मारायचा आहे, लवकर बोलावलंय, म्हणजे रविवारपर्यंत वास उतरेल.

उद्या श्लोक ४, आसुरी संपत्तीची सुरुवात. रामकृष्ण हरी.